धातुपृष्ठदूषणाचे अवरक्त परीक्षण

धातूच्या पृष्ठभागावर राहिलेले तेल, वंगण, साबण, मेण, सिलिकोन, बोटांचे ठसे, हवेतून बसलेली लवणे इ. परक्या द्रव्यांचा थर त्याने केलेल्या अवरक्त प्रारणाच्या (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगरूपी ऊर्जेच्या) शोषणावरून ओळखण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. हा थर पुष्कळदा इतका पातळ असतो की, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तथापि त्याच्यामुळे रंगलेप सुटणे, विद्युत् विलेपनाने दिलेला मुलामा पापुद्र्यासारखा निघणे, डाखकाम कच्चे राहणे, आसंजकाने (चिकटविणाऱ्या पदार्थाने) जोडलेला सांधा उकलणे, तसेच औषधनिर्मितीच्या पात्रातून एका औषधाचा अंश दुसऱ्यात जाणे असे गंभीर परिणाम होतात. पृष्ठभाग अस्वच्छ आहे एवढेच या परीक्षणाने कळते असे नाही, तर अस्वच्छता कोणत्या जातीच्या द्रव्याची आहे हेही कळते. ती कशाने काढावी हे तिच्या जातीवरच अवलंबून असल्याने कारखानदारीत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे.

दूषणाचा उगम : हवेत उघडी राहिलेली कोणतीही धातू पूर्णपणे स्वच्छ नसते. नुकत्याच घासलेल्या पृष्ठावरही काही क्षणांत ऑक्साइडाचा थर बनतो व त्यावर हवेतील जलबाष्प आणि कार्बनी वाफा बसतात. हा थर काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) जाडीचा असून बहुतेक कामांत तो बाधक ठरत नाही. बाधक ठरते ते घडणीच्या, हाताळणीच्या व साठवणीच्या काळात आलेले दूषण. कातकामातील शीतक तेल, ओढकामातील साबणयुक्त वंगण, चकाकी आणताना वापरलेल्या मेणवडीतील स्टिअरिक अम्ल, गंजरोधक तेल, साच्यातून वस्तू सुटावी म्हणून फवारलेले सिलिकोन व कामगाराच्या हातावरील घाम आणि त्वचास्निग्ध ही त्याची नेहमीची उदाहरणे होत.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात या प्रश्नाला स्थानिक कारणांची जोड मिळते. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक होय. डोंबिवलीची वसाहतही त्याच दशकातील आहे. वागळे वसाहतीतील अनेक कारखान्यांच्या जागी पुढे कार्यालये उभी राहिली असली, तरी या पट्ट्यात यंत्रभाग घडविणारे, मुलामा देणारे व रंगलेपन करणारे लहान कारखाने आणि रसायने, रंजकद्रव्ये व औषधे बनविणारे कारखाने शेजारीशेजारी वाढले. लहान कारखान्यांत काम बहुधा वाटून केले जाते. भाग एका ठिकाणी कातला जातो, दुसऱ्या ठिकाणी त्यावर मुलामा चढतो व तिसऱ्या ठिकाणी रंग बसतो. पावसाळ्यातील दमट हवेत पोलादी भाग या वाटचालीत एका रात्रीतही गंजू शकतात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्यांना तेल लावले जाते. शेवटच्या कारखान्यात पोहोचलेल्या भागावर अशा रीतीने अनेक हातांची व अनेक तेलांची पुटे असतात. आणि रंग सुटला तर दोष नेमक्या कोणत्या टप्प्याचा, हा वाद उपस्थित होतो.

येथील हवाही निर्दोष नाही. ठाण्याच्या खाडीच्या काठी मिठागरे आहेत व खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ज्या ४३ औद्योगिक क्षेत्रांची गणना अतिप्रदूषित म्हणून केली, त्यांत डोंबिवलीचा समावेश होता. हवेत सल्फर व नायट्रोजन यांची ऑक्साइडे असल्यास त्यांपासून ओलसर धातुपृष्ठावर सल्फेटे व नायट्रेटे तयार होतात. ही लवणे हवेतील ओलावा धरून ठेवतात व गंजण्याची क्रिया वेगाने सुरू करतात.

साध्या कसोट्या : स्वच्छता पाहण्याच्या जुन्या रीती आजही उपयोगी आहेत. पांढऱ्या फडक्याने पुसून डाग पाहणे ही त्यांपैकी सर्वांत सोपी होय. जलस्तर कसोटीत भाग पाण्यात बुडवून उभा धरतात. पृष्ठ स्वच्छ असेल, तर पाण्याचा पातळ स्तर अखंड राहतो. तेलकट असेल, तर तो फाटून त्याचे थेंब बनतात. या कसोटीला खर्च जवळजवळ नाही आणि ती अतिशय संवेदनशील आहे. परंतु पाण्याला दूर लोटणारी द्रव्येच तिच्यात सापडतात. क्षालकाचा (धुण्याच्या रसायनाचा) पाण्यात मिसळणारा अवशेष किंवा लवण असेल, तर पाण्याचा स्तर अखंड राहून पृष्ठ स्वच्छ असल्याचा चुकीचा निर्वाळा मिळतो. शिवाय स्तर फाटला तरी तो खनिज तेलाने फाटला, वनस्पतिज तेलाने की सिलिकोनने, हे समजत नाही.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. वनस्पतिज किंवा प्राणिज तेल ऊन अल्कली विद्रावात टाकले असता त्याचा साबण बनतो व तो पाण्याबरोबर निघून जातो. खनिज तेलाचा साबण बनत नाही. त्यासाठी तेल पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपात मिसळविणारे पृष्ठक्रियाकारक द्रव्य किंवा कार्बनी विद्रावक (विरघळविणारा पदार्थ) लागतो. मेणवडीतील स्टिअरिक अम्लाची पितळेतील किंवा मुलाम्यातील जस्ताशी विक्रिया होऊन जस्ताचा साबण बनला, तर तो नेहमीच्या विद्रावकात सहज विरघळत नाही. त्यास अम्ल किंवा धातूचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) बांधून ठेवणारी द्रव्ये असलेले क्षालक वापरावे लागते. हे तिन्ही थर दिसायला सारखेच असतात. कोणता थर आहे हे माहीत नसल्यास कारखान्यात अधिक तीव्र रसायन, अधिक तापमान व अधिक वेळ हा मार्ग पत्करला जातो. त्यामुळे भागाची धातू खाल्ली जाते, सांडपाण्याचा भार वाढतो आणि विद्रावकांच्या वाफेची बाधा कामगारांना होते. तेल काढण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन हे मानवात कर्करोग उत्पन्न करते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली काढला.

तत्त्व : अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तापमापक ठेवून लावला. निरनिराळी संयुगे हे प्रारण निरनिराळ्या तरंगलांब्यांना शोषतात, हे विल्यम कोब्लेंट्‌स यांनी अनेक पदार्थांचे वर्णपट मोजून १९०५ साली पद्धतशीरपणे दाखवून दिले.

रेणूतील अणू स्थिर नसून त्यांच्यामधील बंध स्प्रिंगेप्रमाणे ताणले जातात, आखडतात व वाकतात. अशा प्रत्येक कंपनाची स्वतःची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) असते. ती अणूंच्या वस्तुमानावर आणि बंधाच्या बळकटीवर अवलंबून असते. अणू जितके हलके व बंध जितका बळकट, तितकी कंप्रता अधिक. कंपनाच्या वेळी रेणूतील धन व ऋण विद्युत् भारांची मांडणी बदलत असेल, तर त्याच कंप्रतेचे प्रारण रेणू शोषून घेतो. वर्णपटात ही कंप्रता तरंगसंख्येने (एक सेंमी. लांबीत मावणाऱ्या तरंगांच्या संख्येने) दर्शवितात. नेहमीच्या कामात ४,००० ते ४०० प्रति सेंमी. हा पट्टा वापरतात; तो २·५ ते २५ मायक्रोमीटर तरंगलांबीशी जुळतो. विशिष्ट अणुगट कोणत्याही रेणूत असला, तरी त्याचे शोषण साधारणपणे ठराविक तरंगसंख्येपाशीच होते. त्यामुळे वर्णपटावरून रेणूत कोणते अणुगट आहेत हे वाचता येते व ज्ञात पदार्थांच्या वर्णपटांशी ताडून पदार्थाची ओळख पटविता येते.

धातुपृष्ठावरील परावर्तन : गुळगुळीत धातू स्वतःवर पडलेल्या अवरक्त प्रारणाचा बहुतेक भाग परावर्तित करते. म्हणून धातूचे पृष्ठ आरशासारखे वापरता येते. प्रारण थरातून आत जाते, धातूवरून परततै व पुन्हा थरातून बाहेर येते. जाता-येता थराने शोषलेला भाग परावर्तित शलाकेत कमी झालेला आढळतो. थर एखादा मायक्रोमीटर वा अधिक जाडीचा असेल, तर एवढी व्यवस्था पुरते.

थर काही नॅनोमीटरांचाच असेल, तर मात्र अडचण येते. प्रारण पृष्ठावर लंब दिशेने पडले असता आपाती (येणारा) व परावर्तित तरंग यांची विद्युत् क्षेत्रे धातूच्या अगदी लगत एकमेकांविरुद्ध असतात व जवळजवळ नाहीशी होतात. थरातील रेणू नेमके त्याच जागी असल्याने त्यांना शोषण्यासाठी क्षेत्रच उरत नाही. शलाका पृष्ठाला जवळजवळ घासून जाईल अशी तिरपी सोडल्यास, म्हणजे लंबाशी सुमारे ८० ते ८८ अंशांचा कोन ठेवल्यास, परिस्थिती पालटते. ज्या तरंगाचे विद्युत् क्षेत्र आपतन प्रतलात (आपाती व परावर्तित किरण ज्या सपाटीत असतात तीत) कंप पावते, त्याचा पृष्ठाशी लंब असलेला घटक येथे नाहीसा न होता दुणावतो. शिवाय तिरप्या शलाकेने व्यापलेले क्षेत्रही मोठे असते. रॉबर्ट ग्रीनलर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या गणिताने या मांडणीची उपयुक्तता स्पष्ट झाली. तीत एका रेणूइतक्या जाडीचा थरही ओळखता येतो. मात्र त्याचे शोषण हजारात एक-दोन भाग एवढेच असते.

या मांडणीचा आणखी एक परिणाम असा की, ज्या कंपनात विद्युत् भारांची हालचाल पृष्ठाशी लंब असते तेच कंपन दिसते. पृष्ठाला समांतर असलेले कंपन धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या प्रतिसादामुळे झाकले जाते. त्यामुळे उभ्या रांगेत मांडलेल्या रेणूंचा वर्णपट त्याच पदार्थाच्या द्रव स्थितीतील वर्णपटाशी तंतोतंत जुळत नाही. वाचन करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

उपकरण : जुन्या वर्णपटमापकांत प्रारणाचे लवणाच्या लोलकाने किंवा विवर्तन जालकाने (अतिशय जवळजवळ समांतर रेषा आखलेल्या पृष्ठाने) पृथक्करण करून एकेक तरंगलांबी क्रमाने मोजीत. या रीतीने वेळ फार लागे व क्षीण संकेत गोंधळात बुडून जात. सध्या वापरात असलेल्या फूर्ये रूपांतर उपकरणात तापविलेल्या सिलिकॉन कार्बाइडाच्या कांडीपासून निघालेली शलाका अर्धपारदर्शक पट्टीने दोन भागांत विभागतात. एक भाग स्थिर आरशावरून व दुसरा सरकत्या आरशावरून परत आणून दोन्ही एकत्र करतात व नमुन्यावर सोडतात. आरसा सरकत असताना अभिज्ञातकावर (प्रारणाची जाणीव होणाऱ्या घटकावर) जी चढउताराची नोंद मिळते, तीत सर्व तरंगलांब्यांची माहिती एकाच वेळी साठलेली असते. ती फूर्ये यांच्या गणिती रीतीने संगणकाकडून उलगडून घेतात. हे गणित जलद करण्याची कृती जेम्स कूली व जॉन टकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून अशी उपकरणे व्यवहारात येऊ शकली. क्षीण संकेतासाठी द्रव नायट्रोजनाने थंड केलेला मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइडाचा अभिज्ञातक वापरतात व शेकडो नोंदींची सरासरी घेतात.

परीक्षणाच्या रीती : (१) तिरप्या शलाकेची रीत वर आली आहे. सपाट व चकाकत्या पृष्ठांवरील अतिशय पातळ थरांसाठी ती उत्तम होय. प्रथम त्याच धातूच्या व त्याच घडणीच्या स्वच्छ पट्टीचा वर्णपट घेतात आणि मग नमुन्याचा घेऊन दोहोंची तुलना करतात.

(२) क्षीणित संपूर्ण परावर्तनाच्या रीतीत हिरा, जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइड यांचा स्फटिक नमुन्यावर दाबतात. स्फटिकाच्या आतून परावर्तित होणारे प्रारण स्फटिकाबाहेर सुमारे एक मायक्रोमीटर खोलीपर्यंत डोकावते व तेथील थराचा वर्णपट देते. जाड वंगण, मेण, साबण किंवा पुसून गोळा केलेला अवशेष यांसाठी ही सर्वांत सोयीची रीत आहे.

(३) वाळूच्या किंवा खड्याच्या माऱ्याने खडबडीत केलेल्या पृष्ठावरून प्रारण सर्व दिशांना विखुरते. ते अंतर्गोल आरशांनी गोळा करून मोजतात. लोखंडी पुलांचे व टाक्यांचे पृष्ठ रंगापूर्वी असेच खडबडीत केलेले असते.

(४) भाग वेडावाकडा, आतून पोकळ किंवा आटे पाडलेला असल्यास तो विद्रावकाने धुऊन घेतात व विद्रावातील तेल मोजतात. कार्बन-हायड्रोजन बंधाचे शोषण मोजावयाचे असल्याने विद्रावकात तो बंध असून चालत नाही. म्हणून पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड व फ्रिऑन-११३ वापरीत. ही द्रव्ये वातावरणातील ओझोनाचा नाश करतात असे आढळल्यावर १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्यांच्यावर निर्बंध आले. आता टेट्राक्लोरोएथिलीन व तत्सम द्रव्ये काळजीपूर्वक वापरतात किंवा विद्रावक उडवून देऊन उरलेला अवशेष स्फटिकावर तपासतात.

(५) डाग अगदी लहान असल्यास वर्णपटमापकाला सूक्ष्मदर्शक जोडतात. सुमारे १० ते २० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्याचाही वर्णपट त्यामुळे मिळतो. रंगातील सुईच्या टोकाएवढ्या खळग्याच्या तळाशी काय आहे, हे पाहण्यास ही रीत उपयोगी पडते.

वर्णपटाचे वाचन : जवळजवळ सर्व तेलांत व मेणांत कार्बन-हायड्रोजन बंधांची लांब साखळी असल्याने २,९२० व २,८५० प्रति सेंमी. जवळ जोडशोषण दिसते. केवळ हेच आणि १,४६० व १,३७५ च्या आसपासची दुय्यम शोषणे असतील, तर द्रव्य खनिज तेल असण्याचा संभव अधिक. त्यांच्या जोडीला १,७४५ जवळ ठळक शोषण असल्यास एस्टर गट आहे, म्हणजे तेल वनस्पतिज, प्राणिज किंवा संश्लिष्ट (कृत्रिम रीतीने बनविलेले) एस्टर जातीचे आहे असे समजतात. खोबरेल तेल व त्वचास्निग्ध यांतही एस्टर असल्याने हाताळणीच्या खुणा येथेच उमटतात. मुक्त स्निग्धाम्लाचे शोषण १,७१० जवळ असते. त्याचा धातूशी साबण बनला की हे शोषण मावळून १,५८० ते १,५४० च्या दरम्यान नवे दिसू लागते. प्रथिनांची शोषणे १,६५० व १,५४० जवळ येतात. सिलिकोनाची खूण १,२६० जवळील अरुंद व ठळक शोषण, १,१०० ते १,००० मधील रुंद जोडी आणि ८०० जवळील शोषण अशी असून ती सहसा दुसऱ्या कशाशी घोटाळत नाही.

अकार्बनी द्रव्यांपैकी सल्फेटे १,१०० जवळ, नायट्रेटे १,३८० च्या आसपास, कार्बोनेटे १,४५० ते १,४०० मध्ये आणि फॉस्फेटे १,१०० ते १,००० मध्ये शोषण दाखवितात. पोलादावरील कोवळ्या गंजात लेपिडोक्रोसाइट या लोहाच्या सजल ऑक्साइडाचे शोषण १,०२० जवळ व गोएथाइटाची ८९० व ८०० जवळ मिळतात. त्यावरून तेलाच्या थराखाली गंज सुरू झाला आहे की नाही, हेही कळू शकते.

प्रमाण ठरविणे : थर पातळ असताना शोषण हे द्रव्याच्या प्रमाणात असते. म्हणून ज्ञात वजनाचे तेल स्वच्छ पट्ट्यांवर समान पसरून त्यांच्या शोषणांचा आलेख आधी तयार करतात व त्यावरून नमुन्यातील प्रमाण काढतात. एका चौ. सेंमी.वर १ मायक्रोग्रॅम तेल समान पसरले, तर त्याची जाडी सुमारे ११ नॅनोमीटर भरते. म्हणजे एक ग्रॅम तेल १०० चौ. मी. पृष्ठाला इतका थर देऊ शकते. चकाकत्या पोलादावर काही मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी.पेक्षा कमी अवशेष अनुभवी डोळ्यांनाही सहसा दिसत नाही. तिरप्या शलाकेच्या रीतीने अनुकूल परिस्थितीत १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी अवशेष मोजता येतो.

उपयोग : रंगलेपनाच्या कारखान्यात रंग ओला असतानाच ठिकठिकाणी मागे सरून खळगे पडणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. खळग्याच्या तळाशी सिलिकोनाची खूण मिळाली, तर धुण्याची टाकी बदलून उपयोग होत नाही. फवारे, हवादाबयंत्राचे वंगण, हाताला लावण्याचे मलम व जवळच्या रबर वा प्लॅस्टिक विभागातील साचे सोडविणारी द्रव्ये तपासावी लागतात. खळग्यात एस्टर मिळाले, तर शोध हाताळणीकडे वळतो. खनिज तेल मिळाले, तर धुण्याच्या टाकीकडे वा दाबलेल्या हवेच्या नळाकडे वळतो.

काम वाटून करणाऱ्या कारखान्यांना या पद्धतीचा वेगळा लाभ आहे. प्रत्येक टप्प्यावर वापरलेल्या तेलाचा वर्णपट आधीच नोंदवून ठेवल्यास सदोष भागावरील अवशेष त्यांपैकी कोणत्या तेलाशी जुळतो ते पाहता येते. गंजरोधक तेलात बहुधा सल्फोनेटे मिसळलेली असतात व त्यांची १,२०० ते १,०५० मधील शोषणे कातकामाच्या साध्या तेलात नसतात. मुलामा देणाऱ्याने भाग नीट धुतला नाही की आलेल्या भागावर न सांगितलेले तेल होते, या वादात अशा नोंदींमुळे अनुमानाऐवजी पुरावा पुढे ठेवता येतो. त्याच नोंदींवरून योग्य क्षालक निवडता येत असल्याने रसायनांची उधळपट्टी टळते व उल्हास नदीच्या खाडीकडे जाणाऱ्या सांडपाण्यातील भार काही अंशी घटतो.

औषधनिर्मितीत एकाच अगंज पोलादी पात्रात आळीपाळीने निरनिराळी औषधे बनवितात. मागील औषधाचा अंश ठराविक मर्यादेखाली आला आहे, हे दाखविल्याशिवाय पुढील उत्पादन सुरू करता येत नाही. नेहमीच्या रीतीत पृष्ठ बोळ्याने पुसून तो प्रयोगशाळेत पाठवितात व निष्कर्षाची वाट पाहतात. अवरक्त प्रारण वाहून नेणाऱ्या तंतूंना जोडलेले तिरप्या शलाकेचे शीर्ष पात्राच्या भिंतीवर ठेवून जागच्या जागी मापन करण्याची रीत त्यासाठी विकसित करण्यात आली आहे. येथे औषधाबरोबर धुण्याच्या द्रव्याचा अवशेषही ओळखता येतो.

मर्यादा : हे परीक्षण सर्व दूषितांना लागू पडत नाही. एकाच अणूच्या आयनाला आंतरिक कंपन नसते; त्यामुळे क्लोराइड आयन या पट्ट्यात दिसत नाही. साधे मीठ तर अवरक्त प्रारणाला इतके पारदर्शक असते की, वर्णपटमापकाच्या खिडक्या व लोलक त्याच्याच स्फटिकाचे करीत असत. खाडीच्या वाऱ्याबरोबर येणारे व पोलादाला सर्वांत घातक ठरणारे दूषण अशा रीतीने या पद्धतीतून निसटते. त्यासाठी पृष्ठावर चिकटविलेल्या लहान पिशवीत शुद्ध पाणी भरून व ते परत काढून त्याची विद्युत् संवाहकता मोजतात. अवरक्त वर्णपट निर्दोष आला म्हणून पृष्ठ रंगविण्यास योग्य आहे, असे म्हणणे खाडीकाठच्या प्रदेशात धोक्याचे आहे. सुट्या धातूंची धूळ व काजळीही या पद्धतीने नीट ओळखता येत नाही.

दुसरी मर्यादा मिश्रणांची आहे. तीन-चार द्रव्ये एकत्र असल्यास शोषणे एकमेकांवर चढतात व अल्प प्रमाणातील द्रव्य झाकले जाते. थर समान न पसरता थेंबांच्या रूपात असेल, तर प्रमाणाचा अंदाज चुकतो. शलाका पडलेल्या जागेचाच वर्णपट मिळत असल्याने मोठ्या भागावर अनेक ठिकाणी नोंदी घ्याव्या लागतात.

तिसरी अडचण हवामानाची. हवेतील जलबाष्पाची अनेक अरुंद शोषणे १,९०० ते १,३०० व ३,९०० ते ३,५०० प्रति सेंमी. या भागांत येतात आणि एस्टर, साबण व प्रथिने यांच्या खुणा त्यांत लपतात. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. उपकरणातून कोरडी हवा किंवा नायट्रोजन सतत सोडून तो कमी करतात. शलाका विभागणारी पट्टी बहुधा पोटॅशियम ब्रोमाइडाची असते व ती ओलाव्याने धुरकट होते. म्हणून शोषकद्रव्याच्या पिशव्या वेळोवेळी बदलाव्या लागतात किंवा ओलाव्याने न बिघडणारी झिंक सेलेनाइडाची पट्टी बसवितात.

या मर्यादांमुळे इतर पद्धतींची जोड आवश्यक ठरते. क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानाने पृष्ठावरील काही नॅनोमीटर खोलीतील मूलद्रव्ये, क्लोरीनसुद्धा, ओळखता येतात. परंतु त्यासाठी निर्वात कक्ष लागतो व भागाचा तुकडा कापून घ्यावा लागतो. रामन परिणामावर (चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या प्रकाश प्रकीर्णनाच्या प्रकारावर) आधारलेले परीक्षण काजळी व अनेक ऑक्साइडे यांसाठी पूरक ठरते. अवरक्त परीक्षणास निर्वात लागत नाही, तिरप्या शलाकेच्या रीतीत भागाला इजा होत नाही आणि निष्कर्ष काही मिनिटांत मिळतो.

लहान कारखान्याला स्वतःचे उपकरण घेणे परवडतेच असे नाही. पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत १९७६ साली स्थापन झालेल्या प्रादेशिक प्रगत उपकरण केंद्रात (नंतर त्याचे नाव बदलण्यात आले) बाहेरच्या संस्था व कारखाने यांना शुल्क देऊन नमुन्यांचे अवरक्त परीक्षण करून घेता येते. हातात धरून वापरण्याजोगी उपकरणेही आता उपलब्ध असून त्यांनी मोठे भाग जागेवरच तपासता येतात. दैनंदिन कामात जलस्तर कसोटी व लवणासाठी संवाहकता मापन आणि दोष उद्‌भवल्यास किंवा नवे क्षालक ठरविताना अवरक्त परीक्षण, अशी विभागणी व्यवहारात सोयीची ठरते.